तिजोरींत ठेवलेलें पातें

(नभोवाणीवरील भाषण)



आज मी ज्या विषयावर बोलणार आहें तो दिसावयास लहान, पण घरोघर उपयोगी पडणारा आहे. घरांत एखादी वडिलोपार्जित कट्यार असते, पणजोबांचा पोलादी अडकित्ता असतो, किंवा उत्तम पोलादाच्या सुऱ्यांचा जपून ठेवलेला संच असतो. वस्तु मोलाची, म्हणून ती तिजोरींत जाते आणि घरधनी निर्धास्त होतो. पुढें दोनचार वर्षांनीं लग्नकार्य निघतें, कट्यारीची आठवण होते. तिजोरी उघडावी, म्यान ओढावें, तों पातें म्यानाला चिकटून बसलेलें! जोर करून काढलें तर त्यावर तांबूस खवले आणि मधूनमधून खोल खड्डे. कुलूप शाबूत, किल्ली आपल्याच जवळ. मग हें नुकसान केलें कोणीं?

उत्तर असें, कीं पुष्कळदां तें तिजोरीनेंच केलेलें असतें. तिजोरी कशी निवडावी हा एक प्रश्न आणि पात्याला गंज कसा चढूं देऊं नये हा दुसरा, असें आपण समजतों. वास्तविक हे दोन्ही प्रश्न एकाच ठिकाणीं येऊन मिळतात. ज्या गुणामुळें एखादी तिजोरी कागदपत्रांना तारते, तोच गुण पात्याला मारक होतो. हें कसें, तें आज पाहूं.

विवेचनासाठीं एखादें ठिकाण डोळ्यांपुढें असलेलें बरें. मी वर्धा जिल्ह्यांतील नाचणगांव घेतों. पुलगांवाला लागून असलेलें, देवळी तालुक्यांतलें हें गांव. भोंवतालीं कपाशीचा मुलूख. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हा प्रदेश नागपुरकर भोसल्यांच्या राज्यांत मोडत असे; वर्धा हा स्वतंत्र जिल्हा झाला तो १८६२ सालीं. अशा मुलखांतील जुन्या घराण्यांत एखादी कट्यार किंवा तलवार निघाली तर त्यांत नवल नाहीं. शिवाय येथील उन्हाळा कडकडीत आणि पावसाळा दमट. गंजाचा स्वभाव ओळखण्यास हें गांव फार सोयीचें आहे.

तिजोरी घेतांना आपण दुकानदाराला ‘मजबूत आहे ना?’ एवढेंच विचारतों. परंतु मजबूत कोणाविरुद्ध, हें विचारीत नाहीं. घरांतील ठेव्याचे शत्रु तीन: चोर, आग आणि दमट हवा. या तिघांशीं सारख्याच जोमानें लढणारी तिजोरी अद्याप कोणीं केलेली नाहीं. एकाशीं लढण्याची तयारी केली कीं दुसऱ्यापुढें ती थोडी दुबळी पडते.

चोराविषयीं फार बोलावयास नको. पत्रा जाड असावा, दाराचे अडसर एकाहून अधिक बाजूंनीं बसावेत, आणि भारतीय मानक आय. एस. ५५० चें चिन्ह असल्यास पाहून घ्यावें. एक गोष्ट मात्र लोक विसरतात. हलकी तिजोरी फोडण्याच्या भानगडींत चोर पडत नाहीं. ती तो उचलूनच नेतो. म्हणून तिच्या तळाला आंतून भोंकें असावींत आणि ती बोल्टांनीं फरशीला पक्की जखडलेली असावी.

आगीचें प्रकरण अधिक गहन आहे. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदींत १४ एप्रिल १९४४ रोजीं ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजाचा स्फोट झाला. त्या जहाजावर दारूगोळा आणि कापसाच्या गठ्ठ्या एकत्र भरलेल्या होत्या. जळता कापूस उडून आसपासच्या वस्तीवर पडला आणि मोठा भाग भस्मसात् झाला. आर्देशीर गोदरेज यांनीं १८९७ सालीं मुंबईंत कुलपांचा कारखाना काढला होता व पुढें तेथें तिजोऱ्याही होऊं लागल्या होत्या. त्या कारखान्याच्या तिजोऱ्या या आगींतून निघाल्या आणि त्यांतील कागद शाबूत होते, ही हकीकत प्रसिद्ध आहे. नाचणगांवकरांना तर एवढें दूर जावयास नको. शेजारच्या पुलगांव येथील दारूगोळ्याच्या मध्यवर्ती कोठारांत ३१ मे २०१६ रोजीं मध्यरात्रीनंतर आग लागली. जवान व अग्निशामक दलाचे लोक प्राणांस मुकले, आणि आसपासच्या खेड्यांतील लोकांना भर रात्रीं घरें सोडावीं लागलीं. अशा वेळीं शेताचें खरेदीखत आणि सातबारा घरांतच राहतो. तेव्हां आगीला दाद न देणारी तिजोरी हवी, असें कोणी म्हटलें तर तें योग्यच आहे.

पण ही तिजोरी आगीला दाद देत नाहीं ती कशामुळें? नुसत्या पोलादी पत्र्यामुळें नव्हे. पोलाद उष्णता भराभर आंत पोंचवितें. घराला लागलेल्या आगीचें उष्णमान ८०० ते ९०० अंशांपर्यंत सहज चढतें, आणि कागद तर १७५ अंशांच्या सुमारास करपूं लागतो. म्हणून अशा तिजोरीला दुहेरी भिंत असते आणि दोन पत्र्यांच्या मध्यें एक मसाला भरलेला असतो. पूर्वीं तुरटी व लाकडाचा भुसा भरीत. पुढें जिप्सम आलें. आतां विशेष प्रकारचें काँक्रीट भरतात. या सर्व पदार्थांत एक गुण समान आहे: त्यांच्या पोटांत पाणी असतें. हाताला कोरड्या लागणाऱ्या तुरटीच्या वजनांत जवळजवळ ४५ टक्के पाणी असतें. शंभर किलो जिप्सममध्यें सुमारें २१ किलो पाणी बांधलेलें असतें. आग लागली कीं हें पाणी सुटतें व त्याची वाफ होते. वाफ होतांना तें उष्णता गिळतें, आणि हें पाणी संपेपर्यंत तिजोरीचा आंतला भाग बराच वेळ शंभर अंशांच्या आसपास राहतो. कागद दमट होतात, पण जळत नाहींत. थोडक्यांत सांगावयाचें तर अग्निरोधक तिजोरी म्हणजे भिंतींत पाणी सांठविलेली पेटी.

आतां कट्यारीच्या बाजूनें पाहा. लोखंडाला गंजण्यासाठीं दोन गोष्टी लागतात, प्राणवायु आणि पाणी. त्यांना क्षाराची जोड मिळाली तर काम लवकर होतें. तांब्यावर चढणारा पापुद्रा खालच्या धातूला बऱ्याच अंशीं झांकतो. लोखंडाचा गंज मात्र सच्छिद्र व फुगीर असतो. तो ओल धरून ठेवतो आणि त्याच्याखालीं नवा गंज तयार होत राहतो. दिल्लीचा लोहस्तंभ सुमारें सोळाशें वर्षें उघड्यावर उभा आहे हें खरें. पण त्याच्या लोखंडांत स्फुरदाचा अंश अधिक असल्यानें त्यावर संरक्षक थर बसला आहे, आणि दिल्लीची हवाही बव्हंशीं कोरडी आहे. आपल्या घरांतील सुरीला ही सवलत नाहीं. हवेंतील सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांच्या पुढें गेली कीं साधें पोलाद झपाट्यानें गंजूं लागतें; घामाचे ठसे उमटलेले असल्यास त्याच्याही आधींच.

मग तिजोरी बंद असतांना ही ओल येते कोठून? थोडा हिशेब करूं. तीस अंश उष्णमानाच्या एक घनमीटर हवेंत फार तर ३० ग्रॅम पाण्याची वाफ मावते. पावसाळ्यांत आर्द्रता ८० टक्के धरली तर ती २४ ग्रॅम होते. अर्धा मीटर लांब, तितकीच रुंद व उंच अशा घरगुती तिजोरींत या हिशेबानें अवघें तीन ग्रॅम पाणी असतें; चहाचा चमचाही भरणार नाहीं. इतकें पाणी शोषून घेणें मुळींच कठीण नाहीं. परंतु हा झाला साध्या, एकेरी पत्र्याच्या तिजोरीचा हिशेब. अग्निरोधक तिजोरींत या तीन ग्रॅमांच्या मागें भिंतींतील कित्येक किलो पाणी उभें असतें. त्यांतलें बहुतेक पक्कें बांधलेलें असतें. तथापि ओतीव मसाल्यांतली मोकळी ओल हळूहळू आंत झिरपत राहते, आणि नव्या तिजोरींत ही ओल सर्वांत अधिक असते. धूर आंत येऊं नये म्हणून दार घट्ट बसणारें केलेलें असतें. त्यामुळें आंतली ओल बाहेरही पडत नाहीं.

यांत आपल्या हवेची भर पडते. वर्धेकडे मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि दुपारची हवा इतकी कोरडी असते, कीं उघडें पातेंसुद्धां गंजत नाहीं. जूनपासून सप्टेंबरपर्यंत सुमारें एक हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि सगळें चित्र पालटतें. तीस अंशांची, ८० टक्के आर्द्रतेची हवा २६ अंशांपर्यंत थंड झालेल्या धातूला लागली, कीं त्यावर दंव धरतें. रात्रीं गार झालेली जड तिजोरी सकाळीं उघडावी, बाहेरची ऊबदार ओली हवा आंत शिरावी आणि पात्यावर डोळ्यांना न दिसणारें दंव बसावें, हें पावसाळ्यांत वारंवार घडतें. पण विदर्भांतील घरांत आणखी एक गोष्ट आहे, आणि ती उन्हाळ्यांतली आहे: कूलर. वाळ्याच्या किंवा लाकडी भुश्याच्या ओल्या पडद्यांतून येणारी हवा जिवाला गारवा देते, पण ती पाण्यानें भरलेली असते. ज्या खोलींत रात्रंदिवस कूलर चालतो, त्या खोलींतील तिजोरीला वैशाख महिनासुद्धां श्रावणासारखाच. मुंबई-रत्नागिरीकडील श्रोत्यांना तर समुद्राच्या खाऱ्या हवेमुळें बाराही महिने सावध राहावें लागतें.

तेव्हां निवड करतांना पहिला नियम हा: कागद आणि पातीं यांचा संसार एकत्र करूं नये. खरेदीखतें, मृत्युपत्र, प्रमाणपत्रें यांसाठीं अग्निरोधक तिजोरी. सोनेंही तेथें सुखेनैव ठेवावें. सोन्याला गंज नाहीं. पात्यांसाठीं मात्र जाड पत्र्याची, मसाला न भरलेली, स्वतंत्र कुलपाची पेटी किंवा कपाट घ्यावें. आगींत जुनें पातें तापून त्याचें पाणी उतरेल, ही भीति खरी आहे. पण आग घराला क्वचित् लागते आणि पावसाळा दरवर्षीं येतो.

ज्यांच्याकडे एकच तिजोरी आहे आणि तीही अग्निरोधक आहे, त्यांनीं निराश होण्याचें कारण नाहीं. त्यांनीं पेटींत पेटी ठेवावी. रबराची कड असलेला, हवाबंद झांकणाचा, पुरेसा लांब डबा घ्यावा. तेल लावलेलें पातें आणि ओल शोषणारी सिलिका जेलची पुरचुंडी त्यांत ठेवावी आणि मग तो डबा तिजोरींत ठेवावा. भिंतींतील ओल डब्याबाहेरच राहते. डबा पोलादी किंवा कठीण प्लॅस्टिकचा असावा, मऊ पी. व्ही. सी. चा नको, कारण जुना झाल्यावर त्यांतून आम्ल सुटतें.

तिजोरी ठेवावी कोठें? बाहेरच्या, पावसाचा मारा खाणाऱ्या भिंतीला टेकून नको; न्हाणीघराच्या किंवा मोरीच्या पाठीमागें नको; कूलरच्या खोलींत तर नकोच. घराच्या मध्यभागींची कोरडी खोली उत्तम. तळाखालीं दोनतीन बोटें जागा राहील अशा बैठकीवर ती ठेवावी व बैठकीसह जखडावी. आंतील मखमालीचें किंवा लोकरीचें अस्तर शोभिवंत दिसतें. पण तें ओल धरतें. पातें त्यावर उघडें ठेवूं नये.

आपली तिजोरी कोरडी आहे कीं नाहीं, हें पाहण्यास एक सोपी परीक्षा आहे. दोनतीन साधे लोखंडी खिळे पॉलिश-कागदानें घासून चकचकीत करावे व हात न लावतां तिजोरींत निरनिराळ्या कोपऱ्यांत ठेवावे. श्रावणांत आठ-पंधरा दिवसांनीं पाहावें. खिळे तांबूस झाले, तर पुढें आपल्या कट्यारीचें काय होणार तें कळून चुकलें. आर्द्रतामापक मिळतो तोही घ्यावा. कांटा ५० टक्क्यांच्या आंत असावा.

सिलिका जेलविषयीं दोन शब्द. शंभर ग्रॅम जेल वीस ग्रॅमांहून अधिक पाणी सहज पितें. म्हणजे साध्या तिजोरीला तेवढें पुष्कळ झालें. रंग बदलणारें जेल घ्यावें म्हणजे तें तृप्त झालेलें कळतें. मग ११० ते १२० अंशांच्या भट्टींत दोनतीन तास वाळवून पुन्हां वापरावें. निळ्याचें गुलाबी होणारें जेल विषारी असतें. तें स्वयंपाकाच्या भांड्यांत वाळवूं नये आणि मुलांच्या हातीं पडूं देऊं नये. मिठाच्या पुड्या किंवा कॅल्शियम क्लोराइडचे डबे तिजोरींत ठेवूं नयेत. त्यांचें खारें पाणी सांडलें तर उपायापेक्षां अपाय अधिक. डांबराच्या गोळ्या लोकरीची कसर घालवितात, लोखंडाचा गंज नव्हे.

आतां खुद्द पात्याकडे वळूं. सर्वांत मोठी चूक म्हणजे पातें म्यानांत घालून ठेवणें. म्यान हें बरोबर बाळगण्यासाठीं आहे, सांठवणीसाठीं नाहीं. कातडें कमावतांना वापरलेले क्षार व आम्लें त्यांत राहतात, आणि कातडें हवेंतली ओल ओढून पात्याला लावून ठेवतें. पातें निराळें, म्यान निराळें. दोन्ही शेजारीं शेजारीं ठेवावीं. पात्याला उघड्या हातानें स्पर्श करूं नये. झालाच तर लगेच स्वच्छ सुती कापडानें पुसावें. नंतर शिवणयंत्राला घालतात तसल्या पातळ खनिज तेलाचा अगदीं विरळ हात द्यावा. खोबरेल, तीळ किंवा जवस यांचीं तेलें वापरूं नयेत. तीं खवट व चिकट होतात व त्यांत आम्ल उत्पन्न होतें. वर्षभर हात लागणार नसेल तर व्हॅसलीनचा पातळ थर चालतो. मूठ हस्तिदंती किंवा हाडाची असल्यास तिला तेल लागूं देऊं नये. स्वयंपाकाच्या सुऱ्या पुन्हां वापरांत यावयाच्या असल्यास खाण्याच्या वस्तूंना चालणारें खनिज तेलच लावावें. ‘आमच्या सुऱ्या स्टेनलेस आहेत’ असें म्हणून कोणीं गाफील राहूं नये. त्या पोलादांत क्रोमियम असतें म्हणून तें उशिरां गंजतें एवढेंच. ओलीच सुरी खोक्यांत बंद केली तर तिच्यावरही डाग पडतात.

आपल्या चालीरीतींतही पात्याला धोके आहेत, ते ओळखून असावें. लग्नांत नवरदेवाच्या हातीं कट्यार देतात आणि तिच्या टोंकाला लिंबू खोंचतात. लिंबाचा रस म्हणजे आम्ल. एकदोन दिवस तें लिंबू टोंकावर राहतें, आणि वऱ्हाड परतलें कीं कट्यार तशीच म्यानांत आणि म्यान तिजोरींत! टोंकाकडून पातें खाल्लेलें असतें त्याचें कारण बहुधा हेंच. खंडेनवमीला आपण शस्त्रांची पूजा करतों. गंध, हळदकुंकू, झेंडूचीं फुलें, नारळाचें पाणी, हें सारें ओलें असतें. पूजा भक्तिभावानें करावी. पण दुसऱ्या दिवशीं फुलें काढून, पातें आधीं ओलसर व मग कोरड्या कापडानें पुसून, तेलाचा हात देऊनच तें जागेवर ठेवावें. शस्त्राची राखण हाही त्या पूजेचाच भाग समजावा.

गंज चढलाच असेल तर काय करावें? साधी सुरी असल्यास घासून काढावी. परंतु जुन्या पात्याला राख, चिंच, लिंबू किंवा पॉलिश-कागद लावूं नये. याचें महत्त्व एका ताज्या उदाहरणावरून कळेल. सेनासाहेबसुभा पहिले रघूजी भोसले यांची तलवार एप्रिल २०२५ मध्यें लंडनला लिलावांत निघाली. महाराष्ट्र शासनानें ती मिळविली व ऑगस्ट २०२५ मध्यें ती मुंबईंत आणली. पातें युरोपीय बनावटीचें, म्हणून फिरंग. त्यावर रघूजींचें नांव देवनागरी अक्षरांत सोन्यानें घातलेलें आहे. त्या अक्षरांवरूनच ती तलवार कोणाची हें आज सांगतां येतें. लोखंडाला बारीक चरे पाडून त्यांत सोनें ठोकून बसवितात; खालीं गंज फुगला कीं सोनें उचकटतें, आणि वरून घासलें तर झिजून जातें. आपल्या घरांतील कट्यारीवरही एखादें नांव, एखादा शिक्का तांबूस थराखालीं दडलेला असेल. म्हणून तेलाचा बोळा ठेवून गंज मऊ होऊं द्यावा, मऊ कापडानें हलकेच पुसावें आणि त्याउपर जाणत्या संग्रहालयतज्ज्ञाचा सल्ला घ्यावा.

कायद्याचेंही भान ठेवावें. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचीं, घरकाम, शेती वा उद्योग यांसाठीं नसलेलीं हत्यारें शस्त्रविषयक नियमांत गणलीं जातात. आपल्या भागांत त्यांना परवाना लागतो कीं नाहीं, हें पोलीस ठाण्यांत विचारून घ्यावें.

शेवटीं वर्षाचें वेळापत्रक सांगतों. मृग लागण्यापूर्वीं, मे महिन्याच्या अखेरीस, कोरड्या दुपारीं पातीं बाहेर काढावीं, पुसावीं, तेल द्यावें व सिलिका जेल वाळवून ठेवावें. श्रावणांत उघडीप पडेल त्या दिवशीं एकदां तिजोरी उघडून खिळे व पातीं पाहावीं. पाऊस कोसळत असतांना उघडूं नये. आणि खंडेनवमीनंतर पुन्हां पुसून तेल द्यावें. वर्षांतून तीन वेळां, प्रत्येक वेळीं अर्धा तास. आणि या वेळीं घरांतील मुलांना जवळ बसवावें. ही कट्यार कोणाची, कोठून आली, हें त्यांना सांगावें. पातें टिकलें आणि त्याची हकीकत गेली, तर जतन अर्धेंच झालें.